आमचा कायदा आणि चार कट चहा

जिनिंगमध्ये कापूस साठतो तसे माझ्याकडे किस्से साठलेत. फरक एवढाच, कापसाला गिऱ्हाईक येतं!

सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरची गोष्ट. देवळी गावात माझं कापडाचं दुकान. दर सोमवारी संध्याकाळी तिथं आम्ही चौघं बसायचो : भाऊराव वकील, कडू मास्तर, शेतकरी निंबाजीभाऊ आणि मी. निवडणुकीतला पैसा थांबवणारा, पक्ष बदलणाऱ्याला घरी पाठवणारा कायदा व्हावा, ही आमची मागणी. गावोगाव सभा घ्यायचो.

निंबाजीभाऊंच्या गावात वकील खर्चाच्या मर्यादेवर तासभर बोलले. मग एक म्हातारा उठला.

"वकीलसाहेब, तुमची निशानी कोनती?"

"आम्ही उभेच नाही."

"मंग येवढ्या लांब काऊन आले?"

*

मतदानाच्या दिवशी मास्तर आपल्या म्हाताऱ्या मायला सायकलच्या कॅरिअरवर बसवून, सायकल ढकलत बूथवर निघाले. उमेदवाराची जीप आली. "मास्तर, माईले बसवा ना गाडीत!"

"हा गुन्हा आहे," मास्तर गरजले. तोवर माय उतरून जीपमध्ये बसलीसुद्धा! "तू ये मांगून सायकलवर."

मास्तर घामाघूम होऊन पोचले, तर माय मत देऊन बाहेर उभी. "त्याले मत नाई देल्लं रे. पर गाडी चांगली हाय!"

पुढं माय वारल्यावर मास्तर मुलीकडे अमरावतीला राहायला गेले.

*

आमच्या मागणीतलं पक्षांतराचं कलम वकिलांनीच लिहिलं होतं. पुढं त्यांचेच दोन पक्ष बदलून झाले, आणि एका सकाळी ते तिसऱ्या पक्षाच्या स्टेजवर हार घालून बसलेले!

मी गाठून विचारलं, "भाऊराव, हे काय?"

ते खांद्यावर हात ठेवून शांतपणे म्हणाले, "अरे, कायदा कुठं झाला अजून?"

त्यांचा राग नाही आला. सोमवारचं येणं तेवढं त्यांनी सोडलं. त्यांच्याशी भांडायची सवय मात्र सुटता सुटेना.

*

निंबाजीभाऊंचे गुडघे गेले, येणं थांबलं. पुढच्या सोमवारी हाटेलवाल्यानं सवयीनं चार कट चहा पाठवला. परत कसा करायचा? चारही मीच प्यालो.

रिकामे कप पाहून तो म्हणाला, "भाऊ, आज मीटिंग जोरात झालेली दिसते!"

मी म्हटलं, "हो. एकमत झालं."

*

पंच्याऐंशीच्या जानेवारीत रेडिओवर बातमी आली : पक्षांतरविरोधी कायदा संसदेत मंजूर! खर्चाचं तसंच राहिलं, पण एक तरी झालं. मी दुकानात उभाच राहिलो. सांगायचं कोणाला? समोर एक बाई लुगड्याचा काठ बघत होती. तिला म्हटलं, "कायदा झाला." ती म्हणाली, "मंग भाव कमी करा!"

दुसऱ्या दिवशी सकाळी पेढे घेतले आणि सायकलनं निंबाजीभाऊंचं गाव गाठलं. ते अंगणात उन्हात बसले होते. कान पार गेले होते. मी कानाशी तोंड नेऊन ओरडलो, "भाऊ, पास झाला!"

"पोरगा पास झाला? कोनाचा?"

मी पुन्हा ओरडणार होतो. पण त्यांचा चेहरा इतका फुलला होता!

"आपलाच, भाऊ!"

त्यांनी पेढा तोंडात टाकला आणि माझ्यामागच्या रिकाम्या रस्त्याकडे पाहत म्हणाले, "मंग त्याले संगं घेऊन काऊन नाई आला?"