अंगदची बाकी

कासाबाईचं तोंड म्हणजे पूर्णा स्टेशनातला भोंगा. गाडी येवो न येवो, वाजायचाच. कुणाच्या सुनेला कितवा महिना लागला हे सुनेआधी हिला ठाऊक. पण भावाचा पोरका पोरगा अंगद, त्याचं नाव निघालं की बाईचा आवाज लोण्यासारखा व्हायचा. शेरडं विकून तिनं त्याला बारावी केलं होतं.

एक्याऐंशी साली अंगद लष्कराच्या दारूगोळ्याच्या कोठारात कारकून म्हणून रुजू झाला. नोकरी पक्की व्हायची ती पोलिसांच्या चौकशीनंतर. तिथले कागद गुपित. कर्जात बुडालेला माणूस पैशासाठी फुटेल, ही सरकारला धास्ती.

आता गंमत बघा. कासाबाईची माणसं मेंढरं घेऊन लांब चराईला निघाली की गावात मुद्दाम रुपाया-आठ आणे देणं ठेवायची. त्याला म्हणायचं बाकी. बाकी असलेला माणूस माघारी येतोच. फक्त आकडा तोंडानं काढायचा नाही. काढला की बाकी फिटली.

अंगद नोकरीवर निघाला त्या दिवशी कासाबाईनं त्याला सोळा घरं फिरवून घरटी एक रुपाया उसना घ्यायला लावला. शेवटी आपला रुपाया त्याच्या हातावर ठेवला. "ह्यो फेडायचा न्हाई. कळलं का रं, गाढवा?"

"कळलं, आत्या."

पुढं तालुक्याहून पोलीस जमादार चौकशीला सायकलवर आला. कासाबाईनं चहा पाजला, पारावर माणसं गोळा केली.

"अंगदकडं कुणाचं देणं?"

"हाय की! समद्या गावाची बाकी हाय त्याच्याकडं," कासाबाई तोऱ्यात म्हणाली.

"माझीबी हाय," म्हातारा ग्यानबा काठी आपटत बोलला. शेजारीण धुरपताबाई पिठाच्या हातानं धावली. "माझं नाव ऱ्हायलं की, जमादारसाहेब! लिवा!"

"रक्कम?"

सगळे एकमेकांकडं बघून हसले. रक्कम कोण सांगतंय!

"बरं, फेडणार कधी?"

"फेडू देतंय कोण त्याला!" कासाबाई खदखदली. जमादारानं सगळं लिहून घेतलं.

दीड महिन्यानं अंगद पत्र्याची पेटी घेऊन दारात उभा. नोकरी गेली होती. गावात सतरा जणांचं देणं, रक्कम लपवतात, फेडायचा इरादा नाही, असा अहवाल गेला होता.

कासाबाईनं लगेच पदर खोचला. "म्या येते साहेबाकडं. रुपाया रुपायाच हाय म्हणून सांगते."

"सांगितलं म्या. साहेब म्हणाला, रुपायासाठी कुणी पोलिसाकडं नाव लिवून देतं का?"

तो ओरडला असता तर बाईला बरं वाटलं असतं. ओरडला नाही. सकाळी उठून घरोघर गेला. "राहू दे रं, पोरा," म्हणत माणसं हात मागं घेत होती. हा उंबऱ्यावर रुपाया ठेवून पुढं. शेवटी आत्यापुढं आला. तिनं मूठ घट्ट मिटली. त्यानं रुपाया चुलीच्या ओट्यावर ठेवला, पाया पडला.

"आत्या, आता कुणाची बाकी न्हाई."

पेटी उचलून तो फाट्याकडं निघाला. कासाबाईला उमजायला जरा वेळ लागला. मग ती रुपाया मुठीत धरून अनवाणी पळाली. फाट्यावर पोचली तेव्हा एसटी हलली होती.

"आरं, समदा नगं!" ती धुरळ्यात ओरडली. "आठ आणे तरी ठिव रं, अंगदा! आठ आणे!"

फाट्यावरच्या परक्या माणसांना वाटलं, कुणी पोरानं बाईचे आठ आणे बुडवले, म्हणून एवढी रडायलीय.