आतून ऐकते मी

आमच्या घरात मरणाची सगळी तयारी एका पत्र्याच्या ट्रंकेत होती, आणि ती माझ्या वडिलांच्या मरणाची होती. एक पांढरा सदरा, इस्त्रीचं धोतर, छोटा क्रूस, आशीर्वादित पाण्याची बाटली आणि फेब्रुवारीत देवळातून आशीर्वादित करून आणलेली जाडसर मेणबत्ती. माणूस जायला लागलं की अशी मेणबत्ती पेटवून त्याच्या हातात द्यायची, ही आम्हा कॅथलिकांची जुनी रीत. उंदीर मेण खातात म्हणून ट्रंकेला कुलूप असे आणि किल्ली वडिलांच्या खिशात.

वडील कराडजवळच्या एका साखर कारखान्यात फिटर होते. मूळचे नगरकडचे, नोकरीनं इकडे आलेले. कारखान्याच्या वसाहतीत आम्हाला दोन खोल्या, पुढे पडवी. शेजारीपाजारी सगळे ऊसवाले, घरटी एखादा तरी फौजेत. कॅथलिक म्हणाल तर आसपासची चार-पाच कुटुंबं, बस्स. कुणी आम्हाला काही वेगळं वागवलं नाही. नाताळाला करंज्या घेऊन सगळी वसाहत आमच्याकडे येई आणि दिवाळीला आम्ही त्यांच्याकडे.

वडिलांना मरणाचा ध्यास लागला तो कोयनेच्या भूकंपापासून. त्या पहाटे आम्हाला कवटाळून ते अंगणात उभे राहिले होते, तेव्हापासून त्यांचा या जगावरचा भरवसा उडाला. पुढं सत्तरच्या दशकातही मधूनमधून हादरे बसतच होते. फळीवरची भांडी वाजायला लागली की वडील छातीवर क्रुसाची खूण करत आणि आई दुधाचं पातेलं धरायला धावे.

"अगं, देव न्यायला आला तर दूध घेऊन जाणार का तू?" वडील म्हणत.

"आणि नाही नेलं तर? सकाळी चहात काय घालू, भिंतीचा चुना?"

वडील हसत, पण त्यांचा नेम पक्का होता. झोपण्यापूर्वी गुडघे टेकून दिवसभराच्या चुका आठवायच्या. कुणाशी वाजलं असेल तर दिवे लागायच्या आत जाऊन माफी मागायची. एकदा कोंबडीवरून शेजाऱ्याला ताडकन बोलले आणि संध्याकाळी त्याच्याच दारात हात जोडून उभे. तो फौजेतून परतलेला गडी बिचारा गांगरून गेला. "आवं दादा, कोंबडीपायी कोन माफी मागतंय व्हय? या, च्या घ्या." वडिलांनी चहा घेतला आणि मोकळ्या मनानं घरी आले. उद्याचा काय भरवसा, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मला तेव्हा ते फार थोर वाटत. आजही वाटतात, पण आता त्यांचा रागही येतो.

महिन्यातून एका रविवारी साताऱ्याहून एसटीनं फादर येत. मिस्सा, म्हणजे आमची रविवारची उपासना, आमच्याच घरी होई. बाहेरच्या खोलीतल्या टेबलावर आई स्वतः भरतकाम केलेली चादर अंथरे, तीच वेदी. मिस्सेआधी फादर पडवीच्या टोकाला खुर्ची टाकून बसत आणि एकेक जण त्यांच्यापाशी गुडघे टेकून हळू आवाजात आपली पापं सांगे. पहिला नंबर वडिलांचा. सगळे उपाशीपोटी आलेले असत, कारण ख्रिस्तप्रसाद घेईपर्यंत तोंडात काही घालायचं नाही हा जुना नियम आमच्याकडची माणसं कडक पाळत. म्हणजे मिस्सा संपताक्षणी ताटं लागायला हवीत. शिवाय फादरांना दुपारची एसटी गाठायची. त्यामुळे आई स्वयंपाकघरात. पितळी स्टोव्ह फरफरतोय, एकीकडे भात, एकीकडे रस्सा, चपात्यांची चळत. तिचं पापनिवेदन दर खेपेला राहून जाई, आणि ते झाल्याशिवाय ती प्रसादही घेत नसे. प्रसादाच्या वेळी पदराला हात पुसत दारापर्यंत येई, क्रुसाची खूण करी आणि परत आत.

"बाई, तुम्ही?" फादर विचारत.

"पुढच्या वेळी, फादर. भात टाकलाय."

"मिस्सा तरी ऐकता की नाही?"

"आतून ऐकते मी सगळं."

ते ऐकून फादरांचं समाधान होई, वडिलांचंही. आमचं तर होतच होतं. गरमगरम जेवण मिळत होतं ना.

एका संध्याकाळी ती सुपात तांदूळ निवडत बसली होती. वडील पेपर वाचत होते. ती मान खाली घालूनच म्हणाली, "या खेपेला फादरांना एक गोष्ट सांगायचीच आहे. लय दिवस मनात आहे." इकडे राहून हे 'लय' तिच्या तोंडात बसलं होतं.

वडिलांनी पेपरामागून हसून म्हटलं, "तुझं कसलं आलंय पाप? रश्श्यात मीठ जास्त पडलं असेल."

आम्ही सगळे हसलो. तीही हसली आणि खडे वेचत राहिली. वडिलांनी ते हिणवायला म्हटलं नव्हतं, हे मला माहीत आहे. ते चारचौघांत अभिमानानं सांगत, "आमच्या घरात पापी काय तो मी एकटा." त्यांच्या लेखी ती देवमाणूस होती. पण देवमाणूस म्हटलं की त्याच्या मनाला काही टोचत असेल हे कुणी विचारायला जात नाही. बाईमाणसाचं असं कौतुक कुठं ऐकलं की अजून माझं डोकं फिरतं.

त्या रविवारी आई पहाटे उठली होती. भात उतरवून ठेवला, रस्सा मंद ठेवला, केस विंचरले, डोक्यावरून पदर घेतला आणि पडवीत रांगेच्या शेवटी जाऊन बसली. मला फार नवल वाटलं. तिच्या पुढं एकच म्हातारी राहिली होती. एवढ्यात सांगलीकडून नुकतंच बदलून आलेलं एक कुटुंब फाटकाशी आलं. वडिलांनी त्यांना आग्रहानं बोलावलं होतं. लहान मुलं बरोबर, लांबून आलेली.

"अगं, पाहुणे आले," वडिलांनी दारातून हाक मारली. "पोरांना दूध दे जरा."

आई उठली. फादरांकडे बघून ओशाळं हसली. "पुढच्या वेळी," म्हणाली आणि आत गेली.

पुढची वेळ आली नाही. गळिताचा हंगाम होता, कारखाना दिवसरात्र चालू. दुपारी दोरीवरचे कपडे काढताना आईच्या छातीत कळ आली आणि ती अंगणातच बसली. शेजारच्या मावशींनी, म्हणजे त्या कोंबडीवाल्या फौजीच्या बायकोनं, तिला उचलून आत नेलं. वडील धावत आले, कारखान्याचे डॉक्टर आले. त्यांनी सुई टोचली, जीप मागवायला सांगितलं आणि चेहरा पाडून वडिलांना बाजूला घेतलं. मरणाच्या वेळी काय करायचं हे आमच्या वडिलांइतकं कुणाला ठाऊक होतं? आधी फादर. ते तडक कारखान्याच्या ऑफिसात गेले आणि साताऱ्याला ट्रंककॉल लावून बसले. तेव्हा ट्रंककॉल लागायचा म्हणजे नशिबाची गोष्ट. ते फोनपाशी बसून राहिले. ट्रंकेची किल्ली त्यांच्या खिशात होती.

मी शाळेतून आले तेव्हा अंगणात माणसं जमली होती आणि कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. आईच्या उशाशी मावशींच्या देवघरातली समई तेवत होती. वडील माझ्यानंतर पोचले. त्यांनी ट्रंक उघडली, मेणबत्ती काढली आणि ती तशीच हातात धरून उभे राहिले. शेवटी मावशींनीच ती समईवर पेटवून उशाशी लावली.

"काही बोलली का?" वडिलांनी विचारलं.

मावशी पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "दोनदा इचारलं त्यांनी, फादर आलं का म्हून. लय जीव तगमगत हुता, दादा. मला बगवंना. मी म्हनलं, आलं की, भाईर हात धुत्यात. खोटं बोलले मी. मरत्या मानसाशी खोटं बोलले."

"मग?"

"मग काय न्हाई. निवांत झाल्या. म्हनल्या, मग च्या टाका."

संध्याकाळी फादर आले. त्यांनी प्रार्थना केली आणि वडिलांना समजावलं, की सांगायची इच्छा होती ना, देवाला तेवढं पुरे. माझाही त्यावर विश्वास आहे. त्या विश्वासावरच मी आजवर जगले. पण तिला काय सांगायचं होतं ते मला कधीच कळलं नाही. माहेरच्या कुणाशी तिनं अबोला धरला होता का? तिला आमचा कंटाळा आला होता का? की खरंच काहीतरी क्षुल्लक होतं, आणि तेवढंच तिचं स्वतःचं असं होतं? तिचं मन आमच्या घरात कुणाला वाचता येत नव्हतं, याची खंत जात नाही.

पुढच्या महिन्यात फादर आले. मावशी सकाळीच भाकऱ्यांची टोपली घेऊन हजर. "दादा, तुमी भाईर बसा. आत मी बगते."

"नको," वडील म्हणाले. "आज तुम्ही बसा बाहेर."

त्या दिवशी वडील पापनिवेदनाच्या रांगेत पहिले नव्हते, शेवटचेही नव्हते. त्यांनी स्टोव्हला पंप मारला, काडी लावली, भाताचं पातेलं चढवलं. बाहेर मिस्सा सुरू झाली. मावशी दाराशी भिंतीला टेकून, हात जोडून बसल्या होत्या. ख्रिस्तप्रसादाची वेळ आली तरी वडील येईनात, म्हणून मी त्यांना बोलवायला आत गेले.

ते स्टोव्हपाशी उभे होते, हातात पळी, मान दाराकडे वळवलेली, कान देऊन. भात करपायला लागला होता. मी हाक मारली. त्यांना ऐकू गेली नाही. मी जवळ जाऊन खांद्याला हात लावला, तेव्हा ते दचकले. वाकून त्यांनी स्टोव्हची चावी सैल केली. हवा फुस्स करून निघून गेली, ज्योत बसली, आणि बाहेरच्या खोलीतून फादरांचा आवाज स्वच्छ ऐकू यायला लागला.

वडिलांनी माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "इथून काहीच ऐकू येत नाही गं."