उशिराचं कारण

ज्या कैद्याला वकील परवडत नाही, त्याच्या अपिलासाठी हायकोर्टाची विधी सेवा समिती वकील नेमून देते. नागपुरात अशा नेमलेल्या वकिलांच्या यादीत मी आहे. घरचे याला लष्कराच्या भाकऱ्या म्हणतात. म्हणोत. पण माझी झोप याच कामांनी जास्त उडवली आहे. पैसे देणारा पक्षकार निदान फोन करकरून डोकं तरी खातो. तुरुंगातला माणूस फोन करत नाही. माझ्या हातून तारीख निसटली तर त्याला लवकर कळतसुद्धा नाही, आणि ही भीती मला भाजी चिरतानाही सोडत नाही.

गेल्या उन्हाळ्यात मौद्याकडच्या एका वायरमनचं अपील माझ्याकडे आलं. गावातल्या मारामारीत एक जण मेला होता आणि याला जन्मठेप झाली होती. अपिलाची मुदत कधीच टळलेली. अशा वेळी उशीर माफ करा म्हणून अर्ज द्यावा लागतो आणि उशिराचं कारण शपथेवर सांगावं लागतं. आम्हा नेमलेल्या वकिलांत या शपथपत्राचा एक तयार मसुदा आहे. कुणा सीनियरनं कधीकाळी केलेला, पेन ड्राइव्हमधून फिरत सगळ्यांकडे पोचलेला. अर्जदार गरीब व अशिक्षित असून त्याला कायद्याचं ज्ञान नाही, असं त्यात असतं. नाव बदलायचं आणि तुरुंगात सहीला पाठवायचं. मीही तेच केलं.

कागद सहीविना परत आला. तोवर कोर्टाचा आदेशही झाला होता: सोमवारपर्यंत शपथपत्र जोडा, नाहीतर अपील आपोआप फेटाळलं जाईल. हे ‘आपोआप’ मला न्यायाधीशांच्या रागापेक्षा जास्त घाबरवतं. रागावलेल्या माणसाला हात जोडता येतात. मी तणतणतच समितीच्या कार्यालयात गेले आणि तुरुंगाशी व्हिडिओवर बोलायची वेळ घेतली.

पडद्यावर तिशीतला एक माणूस दिसला. तो अगदी शांतपणे म्हणाला, "मॅडम, आयटीआय झालो मी. मले अडाणी काहून लिहून राहिले तुम्ही? खोट्या साक्षीनं इथं आलो. आता मीच खोट्यावर सही करू?"

माझा पारा उतरला. "मग खरं कारण काय?"

"बाबांनी वकील लावला होता. दर मुलाखतीले सांगत, अपील टाकली म्हणून. इथं तपासलं तं कुठंच नाही. त्या वकिलानं फसवलं बाबाले. तेच लिहा."

मी त्याच्या वडिलांना बोलावून घेतलं. शनिवारी दुपारी ते आले, टोपी हातात घेऊन खुर्चीच्या कडेवर टेकले. वकिलाचं नाव विचारलं तर त्यांनी पाण्याचा ग्लास बाजूला सरकवला.

"वकील नव्हताच, मॅडम. निकालाची नक्कल घेऊन मी नागपुरात येत जाय. कोर्टासमोर उभा राहो. कोणाच्या दारात जावं, काय बोलावं, हेच समजे नाही. तसाच परत जाय. अन् मुलाखतीले गेलो की तो विचारे, टाकली का? त्याचं तोंड पाहून मी म्हणो, टाकली."

मी डोक्याला हात लावला. कैद्याच्या वतीनं घरच्या माणसानं शपथपत्र केलं तरी चालतं, म्हणजे मार्ग होता. पण अपील मुलाचं होतं. बापाचं खोटं त्याच्याच अपिलात लिहायचं आणि त्याला कळूही द्यायचं नाही, हे मला जमणार नव्हतं. मी तसं सांगितलं. ते म्हणाले, "लिहा तुम्ही. पण त्याले मी सांगतो आधी."

सोमवारी सकाळी कार्यालयातल्या बाईंनी त्यांना माझ्या शेजारी बसू दिलं. पडद्यासमोर ते सगळं सांगून मोकळे झाले. मुलगा ऐकत राहिला. मला वाटलं, आता हा भडकेल आणि दिवस हातचा जाईल. घड्याळाकडे बघवत नव्हतं. मग तो माझ्याकडे वळून म्हणाला, "मॅडम, तो अडाणीवाला कागद पाठवा. सही करतो."

"नाही," वडील म्हणाले. "खरं तेच जाईल."

त्यांचं शपथपत्र मी धावतपळत करून घेतलं. त्यातच स्कॅन अपलोड होईना, चाक नुसतं गरगरत राहिलं. मी देवाचं आणि कम्प्युटरचं नाव एकाच दमात घेतलं. कोर्टाची फाइलिंगची खिडकी बंद व्हायच्या जरा आधी पोच मिळाली.

अर्ज बोर्डावर, म्हणजे सुनावणीच्या यादीत, आला त्या दिवशी वडील इस्त्रीचा सदरा घालून मागच्या बाकावर बसले होते. बापानं मुलाला इतके दिवस फसवलं, याला पुरेसं कारण मानतील का, याची मला धास्ती होती. पुकारा झाला. सरकार पक्षानं हरकत घेतली नाही. न्यायाधीशांनी पानं उलटली आणि अर्जातल्या कारणास्तव उशीर माफ, अपील दाखल, असा आदेश दिला. मी वाकून आभार मानेपर्यंत पुढचा पुकारा झाला होता.

बाहेर व्हरांड्यात वडील म्हणाले, "मले तं काहीच विचारलं नाही त्यांनी."

"गरज पडली नाही, काका. अपील दाखल झालं. आता मुलाखतीला जाल तेव्हा सांगा त्याला."

त्यांनी टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली.

"तुम्हीच सांगा, मॅडम. माह्या तोंडून त्यानं हे लय खेपा ऐकलं हाये."