कौसाआक्काचा न पेरलेला पट्टा

कौसाआक्का परवा गेली, आणि तिची चिता विझायच्या आत तिच्या पट्ट्याचा विषय निघाला तो आमच्याच घरात.

लिहायला लाज वाटते. पण खरं आहे.

बाहेरगावच्या मित्रांसाठी सांगतो. येलदरी धरणाचं पाणी उतरलं की गाळाची जमीन उघडी पडते. गावातले आम्ही तिच्यात पट्टे पाडून हरभरा पेरतो. सातबारा कुणाचाच नाही. ज्यानं आधी धरला, त्याचा पट्टा.

वर गायरान, खाली पाणी, मधे आमचे पट्टे.

गायरानातली हरणं अन् गावची गुरं पाण्याला जायची ती एका मोकळ्या वाटेनं.

आक्का डोळ्याच्या ऑपरेशनसाठी लेकीकडं मानवतला गेली, त्या हंगामात मी ती वाट पेरून टाकली.

आली. बघितलं.

"दत्त्या, हरणं उडून जायची का रे पाण्याला?"

"जातील की आक्का, बाजूनं."

"बाजूला कोण हाय? मीच हाय की रे मुडद्या!"

एवढंच. भांडली नाही. लगतचा स्वतःचा पट्टा तिनं तेव्हापासून पेरलाच नाही.

लोक म्हणाले, म्हातारी येडी झाली. दिवस कलला की ती कडेला बसायची. काळविटं तिच्या समोरून पाणी पिऊन जायची, तिच्याकडं बघायचीसुद्धा नाहीत.

एकदा म्हणालो, "सॉरी आक्का. पुढच्या वर्षी ती वाट मोकळी सोडतो."

"सोड की. मला बी हरभरा लय आवडतो."

पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी करत मी दरसाल पेरत राहिलो. तिच्या घरात हरभरा विकतचा.

गावात तिच्या मागं कुणी नाही. परवा आमचा थोरला म्हणाला, "बाबा, ट्रॅक्टर सांगू का? दुसरं कुणी घुसलं तर?"

त्याचंही बरोबर होतं. मोकळा दिसला की कुणीही पेरणार.

"सांग," म्हणालो.

आज सकाळी स्वतः गेलो. पट्ट्याच्या दोन्ही कडेनं नांगराचा एकेक तास मारून घेतला. आमच्याकडं तास मारला की पट्टा धरला. मग तिथं कुणी पाय घालत नाही.

गायरानाकडचं तोंड मोकळं ठेवलं. पाण्याकडचंही.

ट्रॅक्टरवाला म्हणाला, "काका, मधलं राहिलं की!"

"राहू दे. ते आक्काचं हाय."

लय उशीर केला मी गं आक्का. नीट जा.