ठकूबाईची सावर

ठकूबाईने नवऱ्याला मारून परसातल्या सावरीच्या मुळाशी पुरला, अशी आमच्या गावात वर्षानुवर्षं कुजबूज होती. शेलूपासून कर्जतपर्यंत माघात इतक्या सावरी फुलतात, पण हिचीच एवढी लाल का, ते बायका तोंडाला पदर लावून सांगत. मीही सांगत असे. मला पदर नव्हता, एवढाच फरक.

मनगटावर मारुती गोंदलेला तिचा नवरा काळूराम तसा कुणाला आवडावा असा माणूस नव्हताच. बांधावरून भांडायचा, आणि बांधावर कुणी भेटलं नाही की घरी येऊन बायकोशी. एका दिवाळीनंतर तो दिसेनासा झाला. ठकूबाई कुंकू लावून भात झोडायला उभी राहिली. कुणी विचारलंच तर म्हणायची, "असतील हितंच कुठं."

जमीन दिराने दाबली. तिच्याकडे उरली ती सावर. उन्हात बोंडं तडकली की ती कापूस वेचायची आणि उशा भरायची. पंचक्रोशीत लग्न निघालं की नवरीबरोबर ठकूबाईची उशी जायचीच. त्यावर तिची चूल पेटायची.

आमच्या होळीला सावरीचा सरळ सोट लागतो, आणि होळीसाठी झाड मागितलं तर नाही म्हणायचं नाही, ही रीत. एकसष्ट साली गावात सरळ अशी ही एकच सावर उरली होती. गावकीचा कारभारी श्रीपत कुऱ्हाडवाले घेऊन तिच्या परसात शिरला. झाडावर पान नाही, नुसती फुलं. श्रीपतने खोडाला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. मी मागे उभा, गंमत बघायला.

"वयनी, औंदा होळीचा मान तुमचा."

ठकूबाई ओट्यावर तांदूळ निवडत होती. मान वर केली नाही. "न्या की. देवाचं काम, मी कोन नाय म्हननारी? निसतं एक करा, भावजी. वरच्या वर तोडा. मुळाशी खनू नका."

"का वो?"

तिने एक खडा अंगणात भिरकावला. "कुनाची झोपमोड नको."

कुऱ्हाड हवेत होती ती तिथेच राहिली. कुऱ्हाडवाल्यांबरोबर आलेल्या नामाच्या हातातली नारळाची कवड गळून पडली, ती उचलायला कुणी वाकलं नाही. शेवटी श्रीपत घसा खाकरून म्हणाला, "झाड जरा वाकडंच हाय."

आम्ही सगळ्यांनी माना तिरक्या करून त्या सरळसोट झाडाकडे पाहिलं आणि ते वाकडं ठरवलं. मढ्यावरचं लाकूड होळीत कोण घालणार? त्या वर्षी आंब्याच्या फांदीवर भागवलं.

मग गावाला आठवलं, की घरोघरी त्याच झाडाच्या उशा आहेत. माझी गौराआत्या रात्रभर भिंतीला टेकून बसली. "माझ्या कानाशी कन्हत हुता रं," म्हणाली. पण उशी कुणी परत केली नाही. पोलीस पाटलांनी चावडीवर विचारलं, "तक्रार कोन देतो?" एकेकाने जोडे चढवले आणि घर गाठलं. पाटलांच्या घरीही उशा होत्या.

पुढे काही वर्षांनी मी खोपोलीला गेलो होतो. शिळफाट्याला चहाला टेकलो. समोर कप ठेवणाऱ्या हाताच्या मनगटावर गोंदलेला मारुती दिसला, म्हणून वर पाहिलं, तर काळूराम. चांगला गुबगुबीत झालेला.

"मोरू ना रं तू? साखर पुरं का?"

मागून भजी तळणारी बाई ओरडली, "आवो, गप्पा नंतर हाना!" आणि आयुष्यभर भांडलेला तो माणूस निमूट आत गेला. मी चहा टाकून उठलो, तो थेट ठकूबाईच्या ओट्यावर.

"काकी, काळूकाका जित्ता हाय! शिळफाट्याला! आन्..."

"आन् दुसरी हाय," ती उशी शिवता शिवता म्हणाली. "भजी बरी करती म्हनं."

मी खालीच बसलो. "तुला ठाव हाय?"

"त्यो गेला तवापासनं." तिने दोरा दाताने तोडला. "मोरू, तुज्या पोटात काय ऱ्हात नाय, सगळ्या गावाला म्हायती. पन शिमगा तोंडावर आलाय. तू बोललास, का श्रीपतभावजींना झाड सरळ दिसाया लागंल. मंग मी काय खाऊ?"

मी गप्प राहिलो. माझ्या पोटात ते राहिलं, हे घरच्यांना अजून खरं वाटत नाही. ऐंशीच्या सुमारास ठकूबाई गेली तेव्हा सावर उभी होती.

ठकूबाईने कुणाला मारलं नव्हतं. नवरा दुसरीबरोबर पळाला होता. सावरीखाली काहीही पुरलेलं नव्हतं.