इंजिनावर दोन हात वार्निश

माझ्या पोटात काही राहत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. जावयाचं मूळव्याधीचं ऑपरेशन मी विहारात भरल्या सभेत जाहीर केलं होतं. सुनेनं लपवून आणलेल्या साडीचा काठ कसा आहे, ते मी तिच्याच आईला फोनवर सांगितलं. म्हणून घरातले माझ्यासमोर बोलताना जरा जपूनच बोलतात. पण एक गोष्ट राहिली. बावीस वर्षं राहिली. आमचे हे गेले, त्यांनाही सांगितली नाही. तुम्हालाच का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा — नाही, उगाच कारणं कशाला शोधू? सांगते.

तेव्हा आम्ही हिंगणघाटला होतो. हायवेला लागून पुढे दुकान, मागे घर. हे मोटारी रिवाइंड करायचे. विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारी, पिठाच्या गिरणीच्या मोटारी. शिवाय गाड्यांच्या वायरिंगचं काम. दुकानात मीही होतेच. माझं काम वार्निशचं. तांब्याच्या तारेची कॉइल भरून झाली की तिला वार्निश पाजायचं आणि उन्हात वाळवायचं. वार्निश का लावतात, ठाऊक आहे? करंट इकडचा तिकडे पळू नये म्हणून. हे म्हणायचे, वार्निश म्हणजे करंटच्या वाटेतली भिंत. अठरा वर्षं मी त्या भिंती बांधल्या. नखं कायमची तांबूस. लग्नाकार्यात हात पदराखाली धरायची सवय लागली होती. कुणी विचारलं, तुम्ही काय करता, तर हे म्हणायचे, "ते घर पाहते."

मग सुजाता आली.

सुजाता म्हणजे यांची सगळ्यांत धाकटी बहीण. आंजी गावाला दिली होती. लग्नाला पाच वर्षं झाली नाहीत तर नवरा तापानं गेला. मूल नव्हतं. अठ्ठावीस वर्षांची पोरगी एक पत्र्याची पेटी घेऊन भावाकडे परत आली. मी तिला जवळ घेतलं, रडले, तिच्यासाठी वेगळी चादर काढली. ते सगळं खरं होतं, हेही सांगून ठेवते. पहिले तीन महिने मी चांगली होते. चांगली असणं सोपं असतं हो — समोरचा रडत असतो तोवर.

चौथ्या महिन्यात ती दुकानात येऊन बसायला लागली. आधी नुसती पाहायची. मग वायर सोलून द्यायची. आणि एक दिवस यांनी तिच्या हातात पक्कड दिली. साधी नव्हे, थिंबल दाबायची पक्कड. थिंबल म्हणजे वायरच्या टोकाला बसवतात ती तांब्याची कडी. ती पक्कड यांच्या उस्तादांनी यांना दिलेली. मला कधी तिच्यावरची धूळसुद्धा पुसू दिली नव्हती. सुजातानं थिंबल दाबलं. यांनी ओढून पाहिलं. हललं नाही. हे हसले. माझ्याशी लग्न झाल्याला चोवीस वर्षं झाली होती आणि तसं हसताना मी यांना पहिल्यांदा पाहत होते.

त्यानंतरची ती बाई — म्हणजे मीच, बेचाळीस वर्षांची, घरात सून आणायची वेळ झालेली — काय काय करायला लागली, ऐका. चहा गाळताना कुणाचा कप किती भरला ते पाहायची. हे बशीत चहा ओतून अर्धी बशी सुजातापुढे सरकवायचे. मी ती बशी दुसऱ्या दिवशी लपवली. सुजाताच्या ताटात पोळी मोडकी वाढायची. दुपारी ती झोपली की मुद्दाम मिक्सर लावायची. आरशासमोर उभी राहून मी वायर सोलायचा सरावही केला, बोट कापून घेतलं, आणि विचारलं तर विळीनं कापलं म्हणाले. सख्ख्या नणंदेवर जळणारी बाई तुम्ही पाहिली असेल. पण वायर सोलण्यावरून जळणारी?

गिऱ्हाईक यायचं आणि हे म्हणायचे, "इकडे या, पाहा, माह्या बहिणीचा हात पाहा." अठरा वर्षांत माझी एकही कॉइल यांनी कुणाला दाखवली नव्हती. असो. हे मी तुमच्या पुढ्यात कारण म्हणून ठेवत नाही. कारण म्हणून ते फार लहान आहे, मला कळतं.

तर गुरुजींची गाडी.

जवळच्या गावातले एक रिटायर्ड गुरुजी. त्यांच्याकडे जुनी पेट्रोल गाडी. सेल्फ मारला की म्हाताऱ्यासारखी कण्हायची, हॉर्न दाबला की दिवे मंद व्हायचे. तीन ठिकाणी दाखवून झालं होतं. सुजातानं दोन दिवस बॉनेटमध्ये डोकं घालून पाहिलं आणि सांगितलं, रोग अर्थिंगचा आहे. बॅटरीतून निघालेला करंट काम करून बॅटरीतच परत यावा लागतो. ती परतीची वाट गंजली होती. इंजिन आणि बॅटरी यांच्यामधली जुनी पट्टी तर हात लावला की पापुद्रे पडत होते. बाजारात तेव्हा असा तयार संच मिळायचा, पण नागपुरात, आणि महाग. सुजाता म्हणाली, "दादा, मीच बनवतो." हो, ती 'बनवतो' म्हणायची, आमच्याकडे बाया बोलतात तशा.

वेल्डिंगची जाड केबल आणली. पाच तुकडे कापले. एक इंजिनाला, एक गिअरबॉक्सला, एक बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरच्या पट्टीला, दोन बॉडीला. दोन्ही टोकांना थिंबल, त्यावर कथलाचा डाख, त्यावर काळी नळी गरम करून आवळलेली. खाटेवर मांडून ठेवले होते ते तुकडे. मी पाहिले. काय सांगू — सुंदर होते. माझ्या छातीत दुखलं इतके सुंदर होते.

त्याच दिवशी हे म्हणाले, दुकानाची पाटी पुन्हा रंगवायची आहे. हे काम जमलं तर पाटीवर आपल्या नावाशेजारी सुजाताचं नाव. तिनं मान खाली घातली. मग हळूच विचारलं, "खरंच, दादा?" नवरा गेल्यापासून त्या पोरीला कुणी काही देऊ केलेलं ते पहिलंच. मी पोळ्या लाटत होते. माझी पोळी फाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं गाडीची सगळी जागा घासली. अर्थिंगचा एकच नियम असतो — कडी बसते तिथे खालचं लोखंड उघडं हवं. रंग नको, गंज नको, तेलाचा डाग नको. तासभर पॉलिश पेपरनं घासत होती. मग नटबोल्ट कमी पडले म्हणून सायकल घेऊन बाजारात गेली. हे एका कापसाच्या जिनिंगमध्ये मोटार उतरवायला गेलेले. दुकानात मी, गाडी, आणि माझा वार्निशचा डबा.

किती वेळ लागला असेल? दोन मिनिटं. माझा अठरा वर्षांचा हात होता, चुकणार कसा? इंजिनावरची आणि गिअरबॉक्सवरची, घासून चकचकीत केलेली जागा — ब्रशनं एक हात. अल्टरनेटरची पट्टी — एक हात. एप्रिलचं ऊन, वार्निश वाळेतोवर मी कांदा चिरून घेतला. मग परत जाऊन दुसरा हात मारला. हा दुसरा हात लक्षात घ्या. पहिल्यासाठी म्हणता येईल की डोकं फिरलं होतं. दुसऱ्या वेळी मी कांद्याचे हात धुऊन गेले होते.

मला काय वाटलं होतं? गाडी सुरू होणार नाही, सगळे हसतील, पाटी राहून जाईल. इतकंच. असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. पण मी त्या दुकानात अठरा वर्षं राहिलेली बाई. अडवलेला करंट गप्प बसत नाही, दुसरी वाट शोधतो, हे मी यांच्या तोंडून शंभरदा ऐकलं होतं.

सुजाता आली, वाकून पाहिलं. वार्निशनं ती जागा आणखीच चकाकत होती. ती खूश होऊन म्हणाली, "वैनी, पाहा, कशी आरशावानी झाली." मी पाहिलं. बरी झाली म्हणाले. तिनं कड्या बसवल्या, जुनी पट्टी काढून फेकली, आणि गाडी सुरू झाली. नटबोल्टाच्या आट्यांतून थोडाफार करंट जात असावा. गुरुजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मला इतका राग आला — माझं कामसुद्धा मला नीट करता आलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी झालं. गुरुजी बायकोला घेऊन लग्नाला चालले होते. वाट न मिळालेला करंट पॅडलपासून इंजिनाला जाणाऱ्या अॅक्सिलेटरच्या लोखंडी वायरमधून जात होता. ती आतून तापत तापत जळाली आणि चिकटली. दाबलेलं पॅडल वर येईना. वणा नदीच्या पुलाच्या अलीकडे गुरुजींनी चावी फिरवून इंजिन बंद केलं, गाडी नालीत गेली. गुरुजी वाचले. त्यांच्या बायकोचं मनगट मोडलं. उजवं. पुढे ते वाकडंच जुळलं. त्या बाईचा याच्याशी काय संबंध होता? मी तिला आयुष्यात एकदा पाहिलं होतं.

गाडी ओढून दुकानासमोर आणली. यांनी कडी खोलली. इंजिनाच्या उष्णतेनं वार्निश काळपट झालं होतं, जुन्या रंगासारखं दिसत होतं. यांनी नखानं खरवडलं. पापुद्रा निघाला.

"घासलं नाई तू हे."

"घासलं होतं, दादा."

"मंग हे काय हाये?"

ती बघत राहिली. एकदा त्या जागेकडे, एकदा आपल्या हातांकडे. त्या वर्षी तिला झोप लागत नसे, कुठे काय ठेवलं ते आठवत नसे. मी दारात उभी होते, तिला पाहत होते, आणि माझ्यासमोर ती स्वतःवरचा विश्वास सोडत गेली. शेवटी म्हणाली, "राह्यलं असन माह्याकडून. ध्यानात नाई राहत मले आताशा."

हे ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं. पक्कड तिच्या हातातून घेतली आणि खिळ्याला अडकवली. गुरुजी काही बोलले नाहीत, बाकी सगळं गाव बोललं. बाईच्या हाती गाडी दिली, दुसरं काय होणार. माझी सासू, म्हणजे तिची सख्खी आई, आतून म्हणाली, आधी नवरा खाल्ला. मी? मी त्या दिवशी बेसनाच्या पाटोड्यांचा रस्सा केला. सुजाताला आवडतो म्हणून. आग्रह करून दोनदा वाढला. आणि खरं सांगू का — मला भूक लागली होती. छान, सणाच्या दिवशी लागते तशी भूक.

सहा महिन्यांत ती आंजीला परत गेली. सासरच्यांनी एक खोली दिली, शाळेत खिचडी शिजवायचं काम मिळालं. तेच करते अजून. घरातला बल्ब गेला तरी शेजाऱ्याला बोलावते, स्वतः हात लावत नाही. पाटी रंगवलीच नाही. हे पुढे बशीत चहा ओतायचे आणि अर्धी बशी तशीच ठेवून उठायचे. ती मी धुवायची. मला वाटलं होतं ती बशी आता माझ्याकडे सरकेल. बघा, किती मूर्ख बाई होती.

विहारात आम्ही पंचशील म्हणतो तेव्हा चौथं शील, खोटं न बोलण्याचं, मी इतरांपेक्षा जरा मोठ्यानं म्हणते. लोकांना वाटतं माझा आवाजच तसा.

आता मी नालवाडीला मुलाकडे असते. मागच्या महिन्यात माझी नात प्राची — डिप्लोमाला आहे — बापाच्या जुन्या गाडीला घरीच अर्थिंगचा संच बसवायला निघाली. मोबाइलवर पाहून केबल आणली, थिंबल आणले. माझा मुलगा म्हणाला, आत्याला फोन कर, तिनं केलं होतं एकदा. प्राचीनं फोन स्पीकरवर ठेवला.

सुजातानं सगळं सांगितलं. केबल किती जाड घ्यायची, कडी कशी दाबायची, कुठून कुठे न्यायची. एकही गोष्ट विसरली नव्हती. मग म्हणाली, "घासून झालं की बेटा दुसऱ्या कोनाले तरी दाखवून घेजो. आपल्याले वाटते घासलं, अन् राहून जाते. माह्याकडून राह्यलं होतं. एका बाईचा हात मोडला माह्यापायी."

प्राची म्हणाली, "जाऊ द्या ना आत्याआजी, चुकते कधी कधी."

मी पलंगावर बसले होते. फोन हाताच्या अंतरावर. तोंड उघडलं की संपलं असतं. प्राचीनं फोन माझ्याकडे दिला आणि केबल घेऊन अंगणात गेली. खोलीत मी एकटीच. यापेक्षा सोपं आणखी काय असतं?

"वैनी," सुजाता म्हणाली, "एक सांगू? तवा सारे मले बोलले. दादा नाई बोलला, पण त्यायनं तोंड फिरवलं. तुम्ही एकट्या होत्या ज्या एक शब्द बोलल्या नाई. वरून दोनदा रस्सा वाढला. ते मी विसरली नाई."

मी म्हणाले, "जेवली का?"

"हो," ती म्हणाली. "अन् तुमचे गुडघे कसे हायेत?"

मी तिला दहा मिनिटं माझ्या गुडघ्यांविषयी सांगत बसले.