दूध सोसायटीचं इंग्रजी

किस्से ठरवून जमवता येत नाहीत. दुधाच्या कॅनला आतून साय चिकटते, तसे ते राहून जातात. कितीही धुवा, थोडे उरतातच. आमच्या दूध सोसायटीचे माझ्याकडं असे बरेच उरलेत, आणि त्यातले निम्मे इंग्रजीचे.

मी चौथीपर्यंत शिकलेलो. दूध मोजून घ्यायचं माझं काम. चेअरमन बापू सातवी पास, सेक्रेटरी दिगंबर मॅट्रिकला दोनदा बसलेला. त्यामुळं इंग्रजीचा कारभार दिगंबरकडं.

साल दुष्काळाचं. गावात वैरणीचा सरकारी डेपो मिळावा म्हणून आमचा अर्ज चालला होता. सोजरमावशींकडं एकच गाय होती, तांबडी. "डेपो न्हाय आला तर पाडव्याच्या आधी मुरुमच्या गुरांच्या बाजारात न्यावी लागंल," असं त्या आम्हाला सांगायच्या. तांबडीला ऐकू जाणार नाही, इतक्या हळू.

*

जिल्ह्याचे साहेब दक्षिणेकडचे. मराठी छान बोलायचे, पण पत्र इंग्रजीतच लिहायचे. विहिरीला नाही, पंपाला नाही, शेडला नाही. प्रत्येक पत्राची सुरुवात एकच, "वुई रिग्रेट टू इन्फॉर्म यू." दिगंबरनं ताडलं, आपण "साष्टांग नमस्कार विनंती विशेष" लिहितो, तसंच हे असणार. मग आम्हीही तशीच सुरुवात करू लागलो.

बापूंना नातू झाला. साहेबांना बारशाचं बोलावणं गेलं, "वुई रिग्रेट टू इन्फॉर्म यू, चेअरमनच्या घरी मुलगा झाला."

साहेब आले नाहीत. पण धीर देणारं पत्र आलं.

*

वैरणीच्या अर्जाला पहिलं उत्तर आलं, "अंडर कन्सिडरेशन." विचार चालू आहे, असा अर्थ कळल्यावर बापूंना ते शब्द फारच आवडले. त्याच आठवड्यात त्यांच्या धाकटीला बघायला तुळजापूरचे पाहुणे आले. मुलाचे वडील कचेरीत क्लार्क. पोहे झाले, चहा आला. पाहुणे म्हणाले, "आमची पसंती आहे. तुमचा काय विचार, बापू?"

बापू रुबाबात म्हणाले, "अंडर कन्सिडरेशन."

पाहुण्यांनी कप खाली ठेवला आणि चपला शोधायला लागले. "तीस वर्षं मी हाच शेरा मारतोय," ते म्हणाले. "सरळ नाही म्हणायचं होतं की."

बापू एसटी स्टँडपर्यंत मागं पळाले. लग्न गाडीच्या पायरीवर ठरलं, कंडक्टरच्या साक्षीनं.

*

मग एक पत्र आलं, "प्लीज डू द नीडफुल." सोबतचा फॉर्म कचेरीकडून घालायचाच राहिला होता. दिगंबर म्हणाला, "गरजेचं काय आसंल ते करा, म्हंत्यात."

गरजेचं काय, यावर मीटिंग बसली. एकाला देऊळ रंगवायचं होतं, एकाला सोसायटीचा बोर्ड. सोजरमावशी दारातूनच म्हणाल्या, "हौदाची भेग बुजवा की आधी. गुरांचं पाणी चाललंय मातीत."

दोन दिवसांत हौद नीट झाला. फॉर्म न्यायला इन्स्पेक्टर आले, त्यांना आम्ही हौद दाखवला. ते बराच वेळ गुरं पाणी पिताना बघत राहिले. मग वहीत लिहिलं, "नीडफुल डन."

*

फॉर्म नंतर टपालानं आला. गुरं किती ते लिहायचं होतं, "ॲज सून ॲज पॉसिबल." दिगंबरनं सांगितलं, "शक्य हुईल तसं." आणि फॉर्म कपाटावर ठेवला. "साहेब मोठ्या मनाचा हाय," म्हणाला. "घाई करत न्हाय."

दीड महिन्यानं नकार आला. माहिती वेळेत मिळाली नाही, सबब डेपो नाही.

बापू दिगंबरशी बोलेनात. दिगंबर जेवेना.

*

दुसऱ्या दिवशी सोजरमावशी आल्या, त्या दूध न घेता. हातात तांबडीचा कासरा होता.

"वाच," दिगंबरला म्हणाल्या. "सगळं. खालचं बी."

आजवर खालची ओळ कुणी वाचलीच नव्हती. दिगंबर एकेक शब्द मराठीत सांगत शेवटाला आला, "आपला अत्यंत आज्ञाधारक सेवक." त्याखाली साहेबांची सही.

"कुणाचा सेवक?"

"आपल्या समद्यांचा. पर मावशी, ती नुसती लिवायची पद्धत..."

"त्यानंच लिवलंय ना? सही हाय ना?"

"हाय."

"मग त्याला काम सांगाया नगं?"

मावशींनी पत्र पदरात बांधलं आणि मला घेऊन पहिल्या एसटीनं जिल्हा गाठला. साहेबांच्या टेबलावर त्यांनी पत्र पसरलं.

"साहेब, ही सही तुमचीच न्हवं?"

"होय."

"तिच्या वर काय लिवलंय?"

साहेबांनी वाचलं. मनातल्या मनात, मग परत एकदा.

"मग माजं काम हाय," मावशी म्हणाल्या. "लई न्हाय. वैरण पाठवा. आन् दिगंबरला रागवू नका, पोरगं जेवत न्हाय."

साहेब खुर्चीतून उठले. मावशींना बसा म्हणाले. त्या बसल्या, तरी ते उभेच.

चौथ्या दिवशी वैरणीचा ट्रक आला. ड्रायव्हरकडं मंजुरीचं पत्र होतं. दिगंबरनं ते ट्रकपाशीच मोठ्यानं वाचलं. तांबडीनं तोवर पहिल्या पेंढीला तोंड घातलं होतं.

"आन् खालचं?" मावशींनी विचारलं.

"खाली नुसती सही हाय, मावशी."

मावशींनी कागद हातात घेतला, उलटून पाहिला. चेहरा जरा उतरला.

"काम सोडून गेला व्हय?" म्हणाल्या. "बरा गडी हुता."